‘सोबत कोण’ हा रकाना

सरांसमोर कुणी “आज लई उकडतंय” एवढं जरी म्हटलं, तरी ते मान वर करून विचारायचे, “कशावरून?” चेष्टा नव्हे हं. खरोखर उत्तराची वाट बघत बसायचे. समोरचा बिचारा गळ्यावरचा घाम पुसून दाखवायचा, मग कुठे सर मान डोलवायचे आणि पुन्हा कागदात डोकं घालायचे. आमच्या शिक्षक संघटनेच्या पौडच्या ऑफिसात कुणी नवा आला की आम्ही त्याला मुद्दाम सरांच्या टेबलाशी बसवायचो आणि गंमत बघायचो. माणूस दहा मिनिटांत उठून चहाच्या टपरीवर पळायचा.

हे सर शाळेतले सर नव्हेत. ते संघटनेचे अर्थतज्ज्ञ. दारावर तशी पाटीच होती, ‘संशोधक अर्थतज्ज्ञ’. ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हसू आवरेना. आम्ही झेडपीचे प्राथमिक शिक्षक. आमच्या संघटनेला मोर्चात घोषणा देणारा लागतो, बदल्यांच्या दिवसांत साहेबांच्या दारात ताटकळणारा लागतो, गेलाबाजार जेवणाची पंगत सांभाळणारा लागतो. अर्थतज्ज्ञ घेऊन काय त्याचं लोणचं घालायचंय? मी तेव्हा तालुका शाखेची सहचिटणीस होते आणि मला वाटेल ते बोलायची सवय होती, म्हणून हे मी अध्यक्षांच्या तोंडावर बोलले. ते म्हणाले, “बाई, सरकारशी आता घोषणेनं भांडता येत नाही. आकड्यानं भांडावं लागतं. आणि असा माणूस मला पुन्हा मिळायचा नाही.”

माणूस मुळशी धरणाकाठच्या माले गावचा. विहाराच्या मागे त्यांचं घर, तिथं त्यांची आई एकटी राहायची. सातवीनंतर पुण्याला बोर्डिंगात गेले ते शिकतच राहिले. पीएचडी केली, एका नावाजलेल्या संशोधन संस्थेत बरीच वर्षं नोकरी केली. ती सोडून आमच्याकडे आले, निम्म्याहून कमी पगारावर. का सोडली म्हणून मी एकदा विचारलं तर म्हणाले, “तितं आकडे यायचे बाई, माणसं न्हाई यायची.” संघटनेचं मोठं ऑफिस पुण्यात होतं, तिथं त्यांना केबिन देत होते. त्यांनी पौडलाच आतल्या खोलीत टेबल मागून घेतलं आणि रोज मालेहून एसटीने यायला लागले.

बोलायचं त्यांचं तंत्र उलटंच होतं. मंत्रालयातून फोन आला तर सर अगदी मुळशीच्या बोलीत, “व्हय व्हय, धाडतुया की सांच्याला.” अहवाल मात्र असा शुद्ध की वाचताना जीभ अडखळावी. आणि कुत्र्यांशी ते पुस्तकी मराठीत बोलायचे. ऑफिसच्या पायरीवर एक खरजेचं कुत्रं पडलेलं असायचं. सर त्याच्यासमोर उभे राहून म्हणायचे, “आपण जरा बाजूला सरकता का?” ते सरकेपर्यंत थांबायचे. मी कितीदा म्हटलं, सर, हाड म्हणा आणि या की आत. तर म्हणे, “त्याची जागा हाय ती. कशावरून आपली?”

जूनपासून दिवाळीपर्यंत पायात गमबूट. मग ते मालेचं शेत असो, नाहीतर पुण्यातली सचिवांबरोबरची बैठक. एकदा अध्यक्ष हात जोडून म्हणाले, “डॉक्टर, आज तरी बूट घाला हो.” सरांनी खाली वाकून आपल्या पायांकडे बघितलं आणि म्हणाले, “हे काय मग?”

मला त्यांचा पहिला दणका बसला तो वेळेच्या वहीवरून. शिक्षकांचा किती वेळ शिकवण्यात जातो आणि किती इतर कामांत, हे त्यांना शोधायचं होतं. पन्नासेक शिक्षकांना त्यांनी वह्या वाटल्या. दर पाव तासाला आपण काय करत होतो ते लिहायचं. महिन्याने वह्या गोळा झाल्या. सरांनी एक एक चाळली आणि सगळ्या टेबलाच्या कडेला सारून दिल्या. झालं काय होतं, की आम्ही सगळ्यांनी पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत एकच शब्द लिहिला होता, अध्यापन. वही दिसली की तपासणी आली, आणि तपासणी आली की सगळं छान चाललंय म्हणायचं, हे आमच्या हाडात मुरलेलं.

सर दुसऱ्या दिवशी माझ्या शाळेत हजर. मागच्या भिंतीला टेकून बसले. त्या दिवशी मी सकाळी खिचडीचे तांदूळ मोजले, मोबाईलवर दोन माहित्या भरल्या, रेंज नव्हती म्हणून त्यासाठी टेकाडावर चढले, मतदार यादीसाठी दोन घरं केली, आणि उरलेल्या वेळात चार इयत्ता एका खोलीत शिकवल्या. सुटी झाल्यावर सर म्हणाले, “बाई, तुमी तुमच्यावरच खोटं लिवलंय. राबता इतक्या, आन कागदावर सुखात हायसा. मग सरकार काय म्हणंल?” मला इतकी लाज वाटली की चहा विचारायचंसुद्धा सुचलं नाही. त्यांनी सगळ्यांना वह्या परत दिल्या आणि पुन्हा पहिल्यापासून महिना काढायला लावला. शिव्या आम्ही पोटभर घातल्या, पण या खेपेला खरं लिहिलं. तो अहवाल पुढे आमच्या सगळ्या निवेदनांचा पाया झाला.

माझी शाळा म्हणजे धरणाच्या पलीकडच्या अंगाला, ताम्हिणीकडच्या डोंगराखालची एक वाडी. एक खोली, एक व्हरांडा, नऊ पोरं आणि मी. घर माझं घोटावड्याला. स्कूटरवरून येऊन-जाऊन रोजचे तीन तास. ताम्हिणीचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको, रेनकोटच्या आतून ओलं व्हायला होतं. घरी सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या, नवरा पिरंगुटच्या कारखान्यात पाळीला. शेजारच्या काकू दुपारी सासूबाईंना कुशीवर वळवून जायच्या, पण रोज कोण कुणाचं करतं? संध्याकाळी घरी पोचले की त्यांच्या डोळ्यांत पाणी असायचं. रागाचं की दुखण्याचं ते कळायचं नाही, त्यांची वाचा गेलेली. त्या वर्षी मी पार टेकीला आले होते हो. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्ही मला नावं ठेवणार आहात.

तर झालं असं. कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळांत मिळवायच्या, अशी एक यादी वरून आली. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी वाड्या तिच्यात होत्या. यादीतली अंतरं कुणीतरी नकाशावर पट्टी ठेवून काढली असावीत, कारण मधे डोंगर आहे की दरी याचा पत्ताच नव्हता. संघटनेनं ठरवलं, आपण आपली अंतरं काढायची आणि सुनावणीत मांडायची. अर्थातच काम सरांकडे.

त्यांचं मोजायचं साधन अजून डोळ्यांसमोर आहे. लहान मुलांच्या सायकलचं एक चाक, त्याला धरायला बांबू, आणि एका आरीला बांधलेली पत्र्याची पट्टी. चाकाचा एक फेरा झाला की टक् वाजायचं. शंभर टक् झाले की उजव्या खिशातला चिंचोका डाव्या खिशात. असे ते गावोगाव चाक ढकलत हिंडायचे. त्यांची आई मला म्हणाली होती, “पोरं लहानपणी चाक फिरवत्यात. आमच्याचं समदंच उशिरा.” मी त्यांना म्हटलं, सर, फोनवर सगळी अंतरं येतात की आता. त्यावर म्हणाले, “फोन चालला का त्या वाटेनं?”

पण मुळशीत चाक घेऊन हिंडणं सोपं नाही. इकडे जमिनीला सोन्याचा भाव आलेला. सर दिसले की लोकांना वाटायचं, प्लॉटिंगवाल्याचा माणूस आला. एका ढाब्यावर मालकाने त्यांना जबरदस्तीने बसवून मिसळ खाऊ घातली आणि हळूच विचारलं, “किती गुंठ्याचा डाव हाय?” सर म्हणाले, “चौथीच्या पोराच्या पायानं बावीसशे टक्.” त्यानंतर त्या ढाब्यावर त्यांना कुणी फुकट पाणीसुद्धा विचारलं नाही.

त्यांची वही मात्र बघण्यासारखी होती. लिहायची पेन्सिलनेच, कारण पावसात शाई पसरते. चार रकाने. कुठून कुठे. कधी. कशाने. आणि चौथा, सोबत कोण. खाली शेरा. चौथ्या रकान्याबद्दल ते फार कडक. अहवालाच्या पहिल्याच पानावर त्यांनी छापून घेतलं होतं की एकट्याने केलेली मोजणी ग्राह्य धरू नये. “एकटा माणूस सोताला फशिवतो बाई, आन त्येला कळत बी न्हाई,” असं म्हणायचे. दुसरा नियम म्हणजे चुकलं तर आडवी रेघ मारायची, पण पुसायचं नाही. “चूक दिसली पायजे. पुसली की परत हुती.” खोडरबर त्यांच्या टेबलावर मी कधी पाहिला नाही. एकदा माझ्या हातात दिसला तर असा चेहरा केला की जणू मी गुटखाच खात होते.

बहुतेक शाळा त्यांनी भर पावसात मोजल्या. माझी राहिली होती. परीक्षा संपल्यावर, मे महिन्यात ते आले. म्हणाले, “पलीकडच्या शाळंपर्यंत जाऊ. चला सोबत, रकाना भरायचाय.”

आता इथली जागा समजून घ्या. माझी वाडी आणि पलीकडचं गाव यांच्यामध्ये धरणाच्या पाण्याचा एक फाटा आत घुसलेला आहे. पावसाळ्यापासून ते होळीपर्यंत तिथं पाणी. पण मे महिन्यात ते उतरतं आणि तळ उघडा पडतो. गवत उगवतं, गुरं चरतात, बुडालेल्या जुन्या शेतांचे बांध वर येतात. पाणी पार लांब, खाली गेलेलं. बघणाऱ्याला वाटावं, हे कायमचं माळरान आहे. त्यातून गुरांची, माणसांची एक पायवाट पडते, ती सरळ समोरच्या शाळेशी जाते.

सरांनी चाक त्या वाटेवर घातलं. टक्, टक्, टक्. मी छत्री धरून मागे. मध्यावर आल्यावर ते थांबले, आजूबाजूला बघितलं आणि विचारलं, “बाई, ही वाट वापरातली हाय का?”

तेव्हा माझ्या मनात काय आलं ते अगदी लख्ख आठवतंय. मला सासूबाई दिसल्या. शाळा मिळवली गेली तर माझं दुसऱ्या शाळेत समायोजन होणार, आणि घरची अडचण पाहता घोटावड्याच्या आसपास जागा मिळायची शक्यता होती. दुपारच्या सुटीत घरी जाऊन त्यांना कुशीवर वळवून येता आलं असतं. मी म्हटलं, “लोक जातात की.”

खोटं नव्हतंच ते. लोक जातच होते. समोरून एक म्हातारा शेळ्या घेऊन येतसुद्धा होता. सरांनी शेऱ्यात लिहिलं, ‘वाट वापरात आहे, सोबतच्या बाईंच्या सांगण्यावरून’, आणि चाक पुढे ढकललं.

अंतर नियमात बसलं. अहवाल छापून झाला. सरांच्या मोजणीने बाकीच्या सगळ्या वाड्या वाचणार अशी चिन्हं होती, फक्त माझी शाळा ‘मिळवण्यास हरकत नाही’ या यादीत एकटी पडली होती. मी त्या दिवशी घरी शिरा केला. नवऱ्याने विचारलं, काय विशेष? मी म्हटलं, काही नाही, रवा उरला होता.

जुलैत नोटीस वाडीवर गेली. पुढच्या शनिवारी मी सकाळची शाळा सोडून पौडच्या ऑफिसात आले होते, सर टेबलाशी होते, आणि दारात धोंडाबाई उभी राहिली. माझ्या शाळेतल्या दोन मुलींची आजी. डोक्यावर इरलं, अंगावरून पाणी निथळतंय. दोन एसट्या बदलून आली होती. मला बघून ती क्षणभर दचकली, पण बोलली सरांशीच.

“सायेब, आमच्या शाळंचं अंतर तुमीच मोजलं म्हणं?”

“व्हय.”

“कवा?”

जन्मभर दुसऱ्याला कशावरून विचारणारा माणूस, त्याला एका अडाणी बाईने ‘कवा’ विचारलं आणि त्याच्या हातातली पेन्सिल टेबलावर आडवी झाली.

“पोरी पवत जायच्या व्हय शाळंला?” धोंडाबाईचा आवाज चढला. “का संघटना होडी देनार हाय? गाडीरस्त्यानं गेलं तर अर्धा दीस वळसा. सा वर्साची पोर हाय माझी, सायेब. तिला घरी बशिवू?”

सरांनी वही काढली. पान उघडलं. दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं, तिथं मे लिहिलेलं होतं. बोट सरकत चौथ्या रकान्यावर गेलं, मग खाली शेऱ्यावर, आणि तिथं थांबलं. मी टेबलाच्या या बाजूला उभी होते, मला उलटं का होईना, वाचता येत होतं. आता सर मान वर करतील आणि माझ्याकडे बघतील, असं मला वाटलं. त्यांनी वही मिटली, चाक उचललं आणि म्हणाले, “बाई, स्कूटर काढा.” माझ्याकडे काही बघितलं नाही.

पावसात आम्ही तिघं त्या एका स्कूटरवरून वाडीत गेलो. कसे गेलो ते विचारू नका. वाट संपली तिथं, मे महिन्यात जिथून आम्ही चालत गेलो होतो तिथं, राखाडी पाणी पसरलं होतं आणि समोरच्या गावाची शाळा धुक्यात दिसतसुद्धा नव्हती. सरांनी चाक जमिनीला लावलं आणि ढकलत निघाले. पाण्याशी आल्यावरही थांबले नाहीत. गमबुटात पाणी शिरलं, चाक बुडालं, टक् ऐकू यायचं बंद झालं, तेव्हा थांबले.

“धरणाच्या काठाला जलमलो मी,” ते म्हणाले. “पानी उतरतं आन चढतं, हे शेंबड्या पोराला ठावं असतंय. आन मला सुचू नये?”

“सर, होतं असं,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? धोंडाबाईने त्यांना हाताला धरून बाहेर काढलं.

अध्यक्ष भडकले. सुनावणी चार दिवसांवर आलेली. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आपल्याच तोंडाने एक आकडा चुकला म्हटलं, तर बाकीच्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवणार? “डॉक्टर, एक शाळा गेली तर गेली. बाकीच्या वाचतायत ना? संघटनेचा आकडा आजवर खोटा पडला नाही, तेवढीच आपली पत आहे.” सर शांतपणे म्हणाले, “मग ती एक गेली हे तुमी जाऊन सांगा तितं. धोंडाबाई हाय, तिला सांगा.” अध्यक्षांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून पुन्हा तिथंच आपटला. मी तिथंच खुर्चीवर बसले होते. दोन शब्द बोलले असते तर सरांच्या डोक्यावरचं निम्मं ओझं उतरलं असतं. पण मी पेपरवेटखालचे कागद नीट करत बसले.

सुनावणीला खोली गच्च भरलेली. मी तिसऱ्या रांगेत, धोंडाबाई दाराशी उकिडवी बसलेली. सर उभे राहिले, गमबुटांत, आणि आपल्याच अहवालातलं एक पान चुकीचं आहे असं त्यांनी सांगितलं. मे महिन्यात मोजलं, पाणी उतरलेलं होतं, अंतर धरता येत नाही.

अधिकारी हुशार होते. त्यांनी अहवाल उलटून पहिलं पान काढलं. “मोजणीच्या वेळी सोबत कोण होतं?”

“कोणी न्हाई,” सर म्हणाले.

“तुम्हीच लिहिलंय, एकट्याने केलेली मोजणी ग्राह्य धरू नये.”

“व्हय. म्हणून तर म्हणतोय, धरू नका.”

खोलीत हशा पिकला. अध्यक्षांनी मान खाली घातली. अधिकाऱ्यांनी मूळ वही मागितली, बघितली, आणि सगळ्यांनी बघावी म्हणून रांगेतून फिरवली. ती माझ्या हातात आली तेव्हा ते पान उघडंच होतं. सबंध वहीत जागोजाग आडव्या रेघा, खोडलेले आकडे, खोडलेली गावं, सगळं दिसेल असं. फक्त याच पानावर, चौथ्या रकान्यात आणि खाली शेऱ्यात, कागद पांढरा पडला होता. घासून घासून पातळ झालेला. सरांनी कुठून तरी खोडरबर पैदा केला होता.

मी वही पुढच्या माणसाकडे दिली. तेवढंच केलं.

निकाल असा लागला की सगळ्याच शाळा पुन्हा मोजायच्या. पावसात सरकारची माणसं टेप घेऊन हिंडली आणि सरांचे बाकीचे आकडे तंतोतंत निघाले. वाड्या वाचल्या, माझीही वाचली. पण संघटनेत सरांची पूर्वीची शान राहिली नाही. पुढारी मंडळी चेष्टा करायची, “डॉक्टर, मे महिना धरून की सोडून?” नवं काम त्यांना कुणी दिलं नाही. ‘संशोधक अर्थतज्ज्ञ’ पाटी निघाली, तिथं ‘भांडार’ आली. वर्षभर ते तसेच येऊन बसत, मग त्यांनी राजीनामा दिला. मालेत भात लावायचे, पत्र्याच्या डब्यात पाऊस साठवून पट्टीने मोजायचे. आणखी काही दिवसांनी विदर्भातल्या कुठल्याशा शिक्षक संघटनेनं बोलावलं, तर तिकडे निघून गेले. त्यांची आई म्हणाली, “चाक न्हेलं. चादर इसरला.”

मी बदलीचा अर्ज अजून केलेला नाही. सासूबाई त्याच हिवाळ्यात गेल्या, हे एक कारण. दुसरं कारण मी कुणाला सांगत नाही.

पण सर विदर्भात जायच्या आधीचं एक राहिलंच. सुनावणीनंतर महिनाभर मला धड जेवण गेलं नाही. शेवटी एका रविवारी उठले आणि मालेला गेले. सर अंगणात डब्यातलं पाणी मोजत होते. मी चप्पलसुद्धा काढली नाही, उभ्या उभ्या बोलून टाकलं, “सर, मला ठाऊक होतं. तिथं पाणी येतं ते. तुम्ही वाट वापरातली का म्हणून विचारलं तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. मला बदली पाहिजे होती.”

सरांनी पट्टी वर काढली, आकडा वाचला, वहीत लिहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “कशावरून?”

मला रडूच फुटलं. “तुमच्या वहीत होतं सर! तुमच्याच हातानं लिहिलं होतं!”

त्यांनी आत जाऊन ती वही आणली आणि माझ्या हातात दिली. “दाखवा.”

मी ते पान काढलं आणि उन्हाकडे धरलं. पेन्सिल गेली होती, पण तिचा दाब कागदावर राहिला होता. माझं नाव दिसत होतं. शेरासुद्धा दिसत होता, अक्षर न् अक्षर. “हे बघा सर. दिसतंय.”

सरांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि खिशात ठेवला. मग पानावर वाकून बराच वेळ बघत राहिले.

“मला तर काय दिसत न्हाई,” ते म्हणाले, आणि घराकडे तोंड करून हाक मारली, “आये, बाई आल्यात. च्या टाक.”